बिनपेठेची तालीम

कोल्हापुरात फुटबॉलची टीम निवडायची नसते, ती जन्माबरोबर येते. घर कुठल्या पेठेत आहे त्यावरून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार की शिवाजी तरुण मंडळ हे ठरतं, आणि शाहू स्टेडियमवर कुणासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं तेही ठरतं. आमच्या टीममधला (म्हणजे ऑफिसच्या टीममधला) एक कोल्हापूरकर माझं लिव्हरपूल-वेड बघून एकदा म्हणाला, "तुझं म्हंजे बिनपेठेची तालीम आहे लेका!" वाक्य इतकं फिट्ट होतं की तेव्हा मला उत्तरच सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजा, थोडं लांबलेलं.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात. पुण्यात राहतोस, मग पुण्याचा क्लब का नाही? तर मंडळी, होता की. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाला, बालेवाडीला खेळायचा, आणि २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. त्याच्या आधीचा पुणे एफसी २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. म्हणजे पेठ जागेवर आणि तालीमच उठून गेली! स्थानिक नातं असलं म्हणजे ते कायमचं असतं, हे गृहीतक इथेच थोडं डळमळतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. लिव्हरपूलशी तुझा संबंध काय?

ओढूनताणून संबंध काढायचाच तर इतिहासात भरपूर माल आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना आणि लँकेशायरच्या गिरण्या अडल्या. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबईहून जहाजात चढायचा आणि लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा. त्या पैशावर मुंबईत बँका आणि समुद्रात भराव घालायच्या कंपन्या धडाधड निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच धडाधड बुडाल्या. त्या तेजीतला सगळ्यात मोठा माणूस प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यानेच दिलेल्या पैशातून उभा राहिला, त्याच्या आईच्या नावाने. त्या काळी मुंबईतली कितीतरी माणसं लिव्हरपूलच्या भावाकडे डोळे लावून बसायची. आज मी स्कोअरकडे बसतो तशी. :)

दुसरा धागा त्याहून मजेशीर. लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरचा प्रसिद्ध स्टँड म्हणजे 'कॉप'. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आलं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात इंग्रजांनी तिथे सपाटून मार खाल्ला, आणि मेलेल्यांत लँकेशायरच्या पलटणींमधले बरेच जण होते. १९०६ मध्ये ॲनफील्डच्या एका टोकाला प्रेक्षकांसाठी उंच चढ बांधला गेला, तेव्हा तिथल्या वृत्तपत्राच्या क्रीडा संपादकाने त्याला ते नाव सुचवलं. आणि त्याच लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांत नाताळमधल्या भारतीयांचं एक पथक होतं. ते उभं करणारा तिशीचा बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी.

आहे की नाही जबरदस्त? पण खरं सांगायचं तर हे सगळं मी फॅन झाल्यानंतर वाचलंय. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवण्यातला प्रकार. कापूस आणि गांधीजी माहीत होते म्हणून कुणी रात्री साडेबाराला मॅच बघायला बसत नाही.

माझ्या बाबतीत घडलं ते असं. २०१४ चा एप्रिल, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, घरी टीव्ही मोकळा. लिव्हरपूल चोवीस वर्षांनी लीग जिंकायच्या बेतात होतं. २७ एप्रिलला चेल्सीविरुद्ध कॅप्टन स्टीवन जेरार्डचा पाय घसरला, गोल बसला, मॅच ०-२ गेली. आठवड्याभरात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० ची आघाडी शेवटच्या बारा मिनिटांत ३-३ झाली आणि लीग गेलीच. शहाण्या मुलाने तिथेच चॅनल बदलला असता. मी तेव्हापासून चिकटलो. का, ते नीट सांगता येत नाही. पण हरताना बघितलेली टीम जिंकताना बघितलेल्या टीमपेक्षा लवकर आपली होते, असा माझा तरी अनुभव आहे.

या बाबतीत मी एकटा नाही, आणि आपण भारतीय पहिलेही नाही. नॉर्वेत २९ नोव्हेंबर १९६९ ला तिथल्या सरकारी वाहिनीने इंग्लंडमधला एक सामना थेट दाखवला, वुल्व्हरहॅम्प्टन विरुद्ध संडरलंड. मग दर हिवाळ्यातल्या शनिवारी एक सामना असा नेमच झाला. कारण अगदी व्यावहारिक होतं. लोक इंग्लिश सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचे, आणि थंडीत नॉर्वेतली मैदानं बर्फाखाली जायची. टीव्हीवर चॅनल एकच. त्यातून लिव्हरपूल, लीड्स, मँचेस्टर युनायटेड यांची वेडी असलेली नॉर्वेजियन माणसांची एक अख्खी पिढी तयार झाली. आपल्याकडे तेच काम नव्वदच्या दशकात केबलने केलं. मुलाने क्लब निवडला असं आपण म्हणतो, पण त्याच्यासमोर काय वाढलं जाणार हे आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

आणि यात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६० च्या दशकात हा आग्रह धरला. टीव्हीवर मोठी मॅच असेल तर गल्लीतल्या छोट्या क्लबच्या मैदानावर कोण जाणार, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे तीन वाजताची मॅच तिकीट न मिळालेल्या, ॲनफील्डच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला घरच्या टीव्हीवर दिसत नाही. ती मला कोथरूडमध्ये, साडेसात किंवा साडेआठला, वरण-भात खाता खाता दिसते.

आता जरा क्लबच्या जन्माकडे येऊ. कारण माझ्या कोल्हापूरकर मित्राचं खरं उत्तर तिथे आहे.

ॲनफील्डवर आधी एव्हर्टन खेळायचं. १८९१ मध्ये ते तिथे खेळत असतानाच लीगही जिंकले. मैदान जॉन हॉल्डिंग या दारू गाळणाऱ्या धनिकाच्या ताब्यात होतं. भाड्यावरून आणि कारभारावरून भांडण पेटलं (मालक आणि भाडेकरू, जगात सगळीकडे तेच), एव्हर्टन बाडबिस्तरा घेऊन निघून गेलं आणि हॉल्डिंगकडे उरलं मैदान, टीम नाही. म्हणून १५ मार्च १८९२ ला त्याने नवा क्लब काढला. खेळाडू कुठून आणायचे? जॉन मकेना या आयरिश माणसाने स्कॉटलंडमधून भरती केली. पहिल्या संघात इतके स्कॉटिश होते की त्याला 'मॅक' लोकांची टीम म्हणायचे. शर्टही लाल नव्हते, निळे-पांढरे होते!

पुढेही तेच. ज्याने दुसऱ्या विभागात पडलेल्या लिव्हरपूलला १९५९ पासून उभं केलं तो बिल शँकली स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यातला. तीस वर्षांनी, २०२० मध्ये, लीग मिळवून देणारा युर्गन क्लॉप जर्मन. आणि प्रत्येक सामन्याआधी कॉप जे गाणं गातो ते 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या १९४५ च्या 'कॅरुसेल' या संगीत नाटकातलं. लिव्हरपूलच्या एका बँडने ते १९६३ मध्ये म्हटलं आणि कॉपने उचललं.

म्हणजे टीम बाहेरची, मॅनेजर बाहेरचा, गाणं बाहेरचं. एका रिकाम्या मैदानाभोवती जमवलेली ही मंडळी, आणि तरी त्या शहराचा त्यांच्यावर जीव जडला. तो जडला माणसं पिढ्यानपिढ्या येत राहिली म्हणून, आणि त्यांनी एकत्र बरंच सोसलं म्हणून.

त्या सोसण्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक दार उघडलं, लोंढा आधीच भरलेल्या, समोर कुंपण असलेल्या कप्प्यांत गेला, आणि माणसं उभ्याउभ्या चेंगरली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर दोष लिव्हरपूलच्याच फॅन्सवर टाकला. ते छापलं धडधडीत खोटं. त्या शहरात आजही असंख्य लोक त्या पेपरला हात लावत नाहीत. १९९१ मध्ये न्यायालयीन चौकशीने 'अपघाती मृत्यू' म्हटलं. २०१२ च्या स्वतंत्र समितीला आढळलं की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले होते, आणि त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला होता. (प्रॉडक्शन पडल्यावर कुणी लॉग फाइली बदलल्या तर आपण काय म्हणू?) २६ एप्रिल २०१६ ला ज्यूरीने सांगितलं, हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. तोवर सत्तावीस वर्षं गेली होती. इतका काळ लढत राहिली ती मृतांच्या घरची साधी माणसं.

हिल्सबरोनंतरच्या टेलर अहवालामुळे कुंपणं गेली आणि उभं राहायच्या जागी खुर्च्या आल्या. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि तिकिटं महागली. आपल्याला केबलवर जे चकचकीत, सुरक्षित इंग्लिश फुटबॉल मिळालं त्याच्या पायाशी ते ९७ आहेत. हे माहीत झाल्यावर मला नुसता 'बघणारा' राहता येईना.

आणि वारसा घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागतो. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या फॅन्सनी समोरच्या प्रेक्षकांवर चाल केली, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ जण गेले, बहुतेक युव्हेन्टसचे. १४ लिव्हरपूल फॅन्सना पुढे शिक्षा झाली. सहा युरोपियन कप मोजून दाखवणाऱ्याने हेही मोजलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. आपल्यासारख्या लांबच्या फॅन्सचा क्लबला फायदा होतो, हे सगळे सांगतात. पण त्याच आपल्या संख्येचा उपयोग तिथल्या माणसाविरुद्ध होतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबने सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं. संडरलंडविरुद्ध टीम २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर पडले. मॅच २-२ झाली, आणि काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेऊन माफी मागितली. मग १८ एप्रिल २०२१ ला लिव्हरपूलसह बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली, जिच्यात संस्थापकांना खाली घसरायची भीतीच नाही. त्या दिवसांतल्या बातम्यांमधून दोन शब्द बाहेर आले. तिथले स्थानिक म्हणजे 'लेगसी फॅन', आणि जगभर पसरलेले आपण 'फॅन्स ऑफ द फ्युचर'.

आमच्या धंद्यात लेगसी म्हणजे जे बंद करायचंय, पण अजून चालू आहे म्हणून सहन करतोय ते. पिढ्यानपिढ्या कॉपवर उभ्या राहिलेल्या घराला हा शब्द! आणि तो माझ्या नावावर. योजना ४८ तासांत कोसळली, सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. ती पाडली इंग्लंडमधल्या त्या लेगसी मंडळींनी, रस्त्यावर उतरून आणि स्टँडमधले आपले झेंडे काढून घ्यायचं जाहीर करून. आपण बहुतेक जण मोबाइलवर बघत होतो.

तेव्हा माझ्या मते बिनपेठेच्या तालमीत नाव घालणाऱ्याचं कर्तव्य एवढंच. पेठेतल्यांना जे आजोबांकडून फुकट मिळतं ते आपण वाचून मिळवायचं, आणि तिकिटाचा किंवा क्लब कुणाच्या मालकीचा हा वाद निघाला की त्यांच्या बाजूने बोलायचं. आपल्या सोयीची वेळ बदलली, एखादी मॅच चुकली, तरी.

२७ एप्रिल २०२५ ला लिव्हरपूलने टॉटनमला ५-१ ने हरवून लीग जिंकली. जेरार्ड घसरला होता तीच तारीख, अकरा वर्षांनी. मी घरात नाचलो, वगैरे. पण माझ्या मोबाइलमधल्या कॅलेंडरमध्ये दरवर्षी येणारी तारीख दुसरीच आहे, १५ एप्रिल. १९८९ ला तो सामना थांबला त्या वेळी, तीन वाजून सहा मिनिटांनी, लिव्हरपूलमध्ये लोक मिनिटभर गप्प उभे राहतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात छत्तीस झालेले असतात.