शब्दवेध : होडी

हैदराबादेत हुसेनसागराच्या काठावर मराठी पोर ‘होडी’ म्हणतं, तेलुगू पोर ‘पडव’. शब्द वेगळे आहेत, पण दोघांचेही नातलग शेजारच्या भाषेत आहेत. तेलुगूत जहाज म्हणजे ‘ओड’ आणि बंदर म्हणजे ‘ओडरेवू’. तमिळात नौका म्हणजे ‘ओडम’. संस्कृत कोशांत ‘होड’ सापडतो, आणि अभ्यासक त्याचा संबंध याच द्राविड कुळाशी जोडतात. आपली ‘होडी’ त्याच घरची. कोकणातला ‘पडाव’ तर ‘पडव’चा सख्खा भाऊ.

शब्द टिकला, तशी जहाजबांधणीची विद्याही पुरती बुडाली नाही. ‘होडी’ हेच नाव लावणाऱ्या गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने ‘कौंडिण्य’ हे शिडाचं लाकडी जहाज बांधलं. हाती जुना आराखडा नव्हता. होतं ते अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं चित्र. त्यावरून नौदलाने घडण ठरवली आणि आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात तपासली. फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांधे नारळाच्या तंतूंनी आणि राळेने बुजवले. दिशा देण्यासाठी मागे मोठी वल्ही. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं.

हे चित्र ज्या अजिंठ्यातलं, तो एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून तिथली चित्रं ग्रंथरूपात छापली. त्या जतनाचं मोल अशा जहाजामुळे कळतं. शब्दांचंही तसंच: शेजाऱ्याची भाषा कान देऊन ऐका. आपलेच शब्द भेटतील.