कामठीची वाट आणि उदार धर्म

कळमन्याचे नाव आज विदर्भातील शेतकऱ्याच्या तोंडी येते ते तेथील बाजारामुळे. संत्री, मिरची, धान्य आणि भाजीपाला यांनी भरलेल्या गाड्या पहाटेपासून त्या विस्तीर्ण आवारात शिरतात, आणि अडते, मापाडी व हमाल यांच्या कोलाहलात पूर्व नागपूरचा हा भाग जागा होतो. लोहमार्गाच्या नकाशावर मात्र कळमन्याची ओळख निराळी आहे. इतवारी व कामठी या दोन स्थानकांच्या दरम्यान ते वसलेले आहे, आणि नागपूर ते कामठी ह्या सुमारे दहा मैलांच्या पट्ट्यात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात माणुसकीच्या धर्माचा जो एक मोठा प्रयोग झाला, त्याच्या ऐन मध्यावर ते उभे आहे. त्या प्रयोगाची हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण नागपूरच्या इतिहासात भोसल्यांच्या दरबाराला, इंग्रजी अंमलाला आणि काँग्रेसच्या अधिवेशनांना जी जागा मिळाली, तिच्या शतांशही ह्या वाटेला मिळालेली नाही.

ही वाट घडली ती छावणीमुळे. इंग्रजांनी १८२१ च्या सुमारास कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसविली. पुढे १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, १८६७ साली मुंबईहून आगगाडी येऊन पोहोचली आणि १८७७ च्या पहिल्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गावकीच्या बलुत्यावर आणि पाटील-कोतवालाच्या हुकमावर ज्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या, त्या महार समाजाच्या हाती छावणीने, गिरणीने आणि रेल्वेने प्रथमच रोख मजुरी ठेवली. ती मजुरी तुटपुंजी होती, हे खरे. परंतु ती कोणाच्या मेहेरबानीने ओंजळीत पडत नव्हती, आणि रोख मिळकतीतून जी मान थोडी वर होते, तिच्यातूनच शाळा, छापखाना आणि सभा यांची आकांक्षा जन्मास येते. नागपूर-कामठीच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी जी जागृती दिसते, तिचे मूळ मला येथे आढळते. कोणा बाहेरच्या सुधारकाने ती आणून पेरलेली नव्हती.

मात्र त्याच सुमारास पश्चिमेकडून एक विचारही येत होता, आणि ह्या मातीशी त्याची जी गाठ पडली तिचा परिणाम दूरवर झाला. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्यात आले. ईश्वर एक आहे, तो निराकार आहे, त्याची उपासना अंतःकरणाने करावी, कोणताही ग्रंथ अप्रमाद मानू नये आणि सर्व मानव एका पित्याची लेकरे आहेत, असा त्या समाजाचा साधा मतसंग्रह होता. बंगालच्या ब्राह्मसमाजाशी त्याचे नाते सख्ख्या भावंडाचे. पण मराठी मंडळींनी आपली उपासना तुकोबा-नामदेवांच्या अभंगांवर उभी केली आणि हिंदू समाजाशी असलेला धागा तुटू दिला नाही. युरोपात ह्याच मताची एक जुनी परंपरा होती. ख्रिस्ती धर्मातील त्रैमूर्तीचा सिद्धान्त नाकारून ईश्वराचे एकत्व आणि विवेकाचे स्वातंत्र्य मानणारे ते युनिटेरियन होत. मायकेल सर्व्हीटसला १५५३ साली जिनीव्हात ह्याच मतासाठी जिवंत जाळण्यात आले, आणि राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टल येथे निवर्तले तेव्हा त्यांच्या भोवती युनिटेरियन स्नेहीच होते.

ही परंपरा महाराष्ट्रात पुस्तकांवाटे अगोदरच आली होती, पण कर्तृत्वाच्या रूपाने आली ती विठ्ठल रामजी शिंदे यांच्याबरोबर. जमखंडीच्या एका मराठा वारकरी घरात २३ एप्रिल १८७३ रोजी जन्मलेला हा पुरुष युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला. तेथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंजवळ त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली भाषा शिकली, आणि १९०३ साली ॲमस्टरडॅम येथील उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. तथापि त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते, माझ्या मते, ऑक्सफर्डच्या व्याख्यानगृहापेक्षा इंग्लंडातील गरीब वस्त्यांत. बोस्टनच्या जोसेफ टकरमनने १८२६ साली दरिद्री लोकांच्या घरोघर जाऊन धर्मकार्य करण्याचा जो पायंडा पाडला, तोच पुढे इंग्लंडातील युनिटेरियनांनी चालविला होता. ह्या कामात धर्मोपदेशक व्यासपीठावरून खाली उतरतो, अंधाऱ्या बोळातील खोलीचे दार ठोठावतो, मुलांना अक्षरे शिकवितो, आजाऱ्याजवळ बसतो आणि मग जमल्यास प्रार्थना करतो. प्रार्थनामंदिरात दर रविवारी जमणाऱ्या सुशिक्षितांच्या धर्मात जे उणे होते, ते शिंद्यांना येथे दिसले.

मुंबईस परतल्यावर त्यांनी प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद पत्करले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे एक शाळा उघडून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली. इंग्रजीत तिला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी द्रव्यसाहाय्य केले. शिंदे स्वतः कुटुंबासह अस्पृश्य वस्तीच्या निकट राहिले, आणि त्यांच्या भगिनी जनाक्का ह्यांनीही ह्या कामाला वाहून घेतले. आपल्याच जातभाईंचा बहिष्कार आणि घरातील ओढगस्त सोसून ज्यांनी हे केले, त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. सुधारकांची चरित्रे लिहिताना आपण त्यांच्या मतांचा फार विस्तार करतो आणि त्यांच्या राहत्या पत्त्याकडे दुर्लक्ष करतो. शिंद्यांच्या बाबतीत तो पत्ताच त्यांच्या मताचा खरा दाखला होय.

ह्या उदार धर्माची नागपूरशी गाठ घातली ती किसन फागूजी बनसोडे यांनी. १८ फेब्रुवारी १८७९ रोजी नागपूरजवळच्या मोहपा येथे जन्मलेल्या ह्या महार कार्यकर्त्यावर प्रार्थनासमाजाच्या भक्तिमार्गाचा खोल संस्कार होता. अमरावतीचे गणेश आकाजी गवई हेही त्याच प्रभावळीतले. परंतु बनसोड्यांनी हा धर्म उसना घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण चोखोबा हा त्यांचा घरचाच संत होता. ईश्वरापुढे सर्व समान, हे ऑक्सफर्डमध्ये सिद्ध करावे लागत होते. चोखोबाच्या वंशजांना ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, आणि देवळाच्या पायरीशी ते रोज नाकारले जात होते. बनसोड्यांनी १९०३ साली सन्मार्ग बोधक निराश्रित समाज काढला, १९०७ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढे स्वतःचा छापखाना घालून एकामागून एक पत्रे चालविली: १९१० साली ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ साली ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ साली ‘मजूर पत्रिका’, १९३१ साली ‘चोखामेळा’. त्यांच्या पत्नी तुळसाबाई ह्या छापखान्याच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या. ह्या नावांवरून नजर फिरविली तरी कळते की बनसोडे नागरिकत्व, विटाळ, मजुरी आणि भक्ती यांपैकी एकालाही दुसऱ्यापासून तोडण्यास तयार नव्हते.

आणि मग जाईबाई चौधरी. ह्या बाईंच्या चरित्रापाशी मला अधिक वेळ थांबावेसे वाटते. १८९२ साली उमरेड येथे त्यांचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब नागपुरास आले. १९०१ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पोटासाठी नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान प्रवाशांचे सामान डोक्यावरून वाहण्याचे काम त्यांनी पत्करले. ह्याच पट्ट्यात ओझे घेऊन जाणाऱ्या ह्या मुलीकडे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंचे लक्ष गेले, आणि त्यांच्या साहाय्याने जाईबाई शिकल्या व मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. परंतु एक अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हे कळताच वरिष्ठ जातींच्या पालकांनी मुले काढून घेतली, आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या पुन्हा ओझी वाहू लागल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. पुढे १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले असता भोजनाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. समान हक्कांचे ठराव करणाऱ्या स्त्रियांच्या पंक्तीतच हे घडले. ह्याचा निषेध करण्यासाठी दलित स्त्रियांनी सभा भरविली आणि जाईबाईंनी तेथे आपले म्हणणे निर्भीडपणे मांडले. उदार धर्माचे सगळे प्रमेय ह्या एका आयुष्यात तपासून पाहता येते: ज्ञान देणारा हात परका असू शकतो, पण दार बंद झाल्यावर दुसरे दार उघडणारा हात आपलाच असावा लागतो.

हेच तत्त्व १९२० साली ह्याच नगरीत सार्वजनिक रीतीने प्रगट झाले. मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत समाजाची परिषद नागपुरास भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनी निवडावेत की त्यांनी स्वतः, हा प्रश्न तेथे ऐरणीवर होता. शिंद्यांच्या मिशनच्या बाजूने मांडलेल्या भूमिकेला तरुण डॉ. आंबेडकरांनी कसून विरोध केला, आणि परिषदेचा कौल आंबेडकरांच्या बाजूने पडला. शिंद्यांच्या हृदयाला ह्या घटनेने किती क्लेश झाले असतील याची कल्पना येते. १९२३ साली तर ते मिशनच्या कार्यातूनही निवृत्त झाले. तरीही न्याय आंबेडकरांच्या पक्षाचा होता, असे मी निःसंकोच म्हणतो. माणसाला ईश्वराचे अपत्य मानल्यावर त्याच्या वतीने बोलण्याचा परवाना दुसऱ्या कोणाजवळ उरत नाही. शिंद्यांच्या धर्मातूनच हा निष्कर्ष निघत होता. तो त्यांच्या मंडळीच्या व्यवहारात पुरता उतरला नव्हता, एवढेच.

१९३५ साली आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बनसोडे व गवई त्यांच्या मार्गाने गेले नाहीत. बनसोडे १९४६ साली वारले ते चोखोबाचे भक्त म्हणूनच. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ह्याच नागपुरात लाखोंच्या समुदायाने बुद्धाचा धम्म स्वीकारला. ज्या वस्त्यांत बनसोड्यांची पत्रे वाचली गेली होती, त्यांनीच हा दुसरा मार्ग धरला. कामठीचे बाबू हरदास यांच्यासारखे कार्यकर्ते तर १९३९ साली अकाली निवर्तण्यापूर्वीच आंबेडकरांच्या चळवळीत पूर्णपणे मिसळून गेले होते. ह्यावरून बनसोड्यांना पराभूत ठरविणाऱ्यांशी मी सहमत नाही. ईश्वर मानावा की न मानावा, याविषयी दोन मार्गांत अंतर पडले, परंतु कोणत्याही ग्रंथाचे वचन माणसाच्या प्रतिष्ठेहून मोठे नाही ही श्रद्धा दोहोंत समान राहिली, आणि धम्मदीक्षेला आलेल्या समुदायातील कितीतरी स्त्रीपुरुषांची अक्षरओळख अशाच शाळांत झालेली होती.

आता एक विनंती. बनसोड्यांच्या पत्रांचे अंक, चोखामेळा शाळांचे हजेरीपट, सभांची निमंत्रणे आणि जमाखर्चाच्या वह्या नागपूर, कामठी, उमरेड व मोहपा येथील जुन्या घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत, अद्याप पडून असण्याचा संभव आहे. ज्या वाचकाच्या घरी असा एखादा कागद असेल, त्याने तो रद्दीत जाऊ न देता जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावा, आणि घरातील वृद्ध स्त्रियांना त्या शाळांविषयी जे आठवते ते त्यांच्या हयातीत लिहून घ्यावे.