किल्ल्याच्या किल्ल्या

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीस शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत गडाच्या कारभाराची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे असून त्यांनी एकविचाराने कारभार करावा, असा दंडक होता. कोठारासाठी कारखानीस निराळा. एक जण फितला तरी गड जाऊ नये, हा त्यातला हेतू. शत्रूला ही रचना कळली असती, तरी तेवढ्याने दरवाजा उघडला नसता.

संगणकयुगात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. समोरचा माणूस कोण, आणि त्याला कोणते दार उघडून द्यायचे? १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने सांकेतिक लिपीविषयी लिहिताना आग्रह धरला होता की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. १९७५ मध्ये जेरोम साल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकसुरक्षेची तत्त्वे मांडली. 'खुली रचना' हे त्यांतले एक. एका कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोघांकडे असाव्यात, हे दुसरे. सभासदाच्या वाचकाला त्यात नवल वाटू नये.

पुढे अमेरिकेतील एमआयटीत १९८३ साली 'अथेना' प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून 'कर्बेरॉस' जन्मले. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. त्याची युक्ती दस्तकासारखी आहे: एकदा ओळख पटली की ठरावीक मुदतीचे तिकीट मिळते, मग प्रत्येक दाराशी पासवर्ड सांगावा लागत नाही. मुदत संपली की तिकीट निरुपयोगी.

एमआयटीने मूळ कोड खुला केला. परंतु अमेरिकेच्या कायद्यात त्या काळी सांकेतिकीकरण युद्धसामग्रीत मोडत असे. म्हणून ते काढून टाकलेली 'बोन्स', म्हणजे नुसती हाडे, परदेशी जाऊ शकली. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग यांनी त्या हाडांत सांकेतिकीकरण पुन्हा भरले आणि 'ईबोन्स' तयार झाले. स्वीडनमध्ये त्यावर पुढचे काम झाले. कोड वाचता येत होता म्हणूनच हे शक्य झाले. बंद पेटीतील कुलूप असते, तर जगाला अमेरिकेच्या परवानगीची वाट पाहावी लागली असती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध २९ सप्टेंबर २०१० रोजी आला. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचा अनुभव पाहून इतर देशांनाही अशी व्यवस्था हवीशी झाली. पण एखाद्या कंपनीच्या बंद प्रणालीत अडकले, तर आपल्याच नागरिकांच्या ओळखीसाठी तिच्या दाराशी उभे राहावे लागणार. २०१८ मध्ये बेंगळुरूच्या आयआयआयटीत 'मोसिप' हा मुक्त-स्रोत प्रकल्प सुरू झाला, तो यावर उत्तर म्हणून. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया यांनी तो स्वीकारला. त्यात प्रवेशाधिकार सांभाळण्यासाठी वापरलेले 'कीक्लोक' हेही मुक्त-स्रोतच, २०१४ पासूनचे. नागपूरच्या हुडकेश्वरात बसलेला विद्यार्थीही ते विनामूल्य उतरवून त्याची ओळ न् ओळ वाचू शकतो.

मात्र वाचता येणे वेगळे आणि किल्ल्या कोणाकडे असणे वेगळे. कोड खुला असूनही सारे अधिकार एकाच प्रशासकाच्या खात्यावर ठेवलेले असतील, तर तिथे हवालदार आहे. सबनीस आणि सरनोबत नेमायचे राहून गेले आहेत.