आधी कुणाला वाचून दाखवायचं?

आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. वही भरली आहे, पण ती दाखवायची कुणाला? घरात दाखवली तर कुणी हसेल, मासिकाकडे पाठवायचा धीर होत नाही. मग वही तांदळाच्या डब्यामागेच राहते. आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधणार आहोत, कारण आपल्या आधीच्या बायकांपुढेही तो होताच.

सुरुवात जात्यापासून करू. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवी धरली की दुसरीनं साथ द्यायची, कधी त्यात आपला शब्द घालायचा. आवडली तर ती ओवी दुसरीच्या तोंडी बसायची, तिच्याबरोबर दुसऱ्या गावी जायची. नाही आवडली तर तिथंच विरून जायची. कुणी कुणाला गुण देत नव्हतं, पण पारख होत होती. आणि पारख करणारी त्याच जात्यावर स्वतःही गात होती.

पुढं बाया लिहायला लागल्या तेव्हा हे सोबतीचं जातं सुटलं. कागदावर लिहिणारी एकटी पडली. काशीबाई कानिटकरांचंच पाहा. त्यांचा जन्म १८६१ चा. लग्न लहानपणीच झालं आणि अक्षरओळख लग्नानंतर, घरातल्या मोठ्यांची नाराजी सोसत झाली. बाईनं पुस्तक हाती धरणं म्हणजे घराला बोल, असा तो काळ. तरी त्या लिहू लागल्या. पुढं त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली, गोष्टी लिहिल्या.

या वाटेवर त्यांना एक सोबती मिळाला, हरि नारायण आपटे. हरिभाऊ त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, काशीबाईंचे पती गोविंदराव यांच्या स्नेहातले. हरिभाऊ आपलं लिखाण काशीबाईंना दाखवत, काशीबाई आपलं त्यांना. समोर भेट नसेल तेव्हा पत्रं जात. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी यमू नावाच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. माहेर, सासर, सोवळंओवळं, वैधव्य, सारं तिच्याच शब्दांत. असलं काही लिहिणाऱ्या पुरुषाला, बालवयात सासरी आलेली जाणती वाचक मैत्रीण असणं किती मोलाचं, ते वेगळं सांगायला नको. म्हणजे इथं शिकवणारा एक आणि शिकणारी दुसरी, असा मामला नव्हता. देणं दोन्हीकडून होतं.

आता १९२३ सालच्या पुण्यात येऊ. त्या वर्षी काही तरुण कवींनी रविकिरण मंडळ स्थापन केलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे अशी मंडळी त्यात होती. आणि त्यांच्यात एकच बाई, मनोरमाबाई रानडे, श्री. बां.च्या पत्नी. ही मंडळी रविवारी जमायची. चहा व्हायचा, नव्या कविता वाचल्या जायच्या, त्यांवर चर्चा व्हायची. त्याच वर्षी त्यांनी ‘किरण’ हा संग्रह मिळून काढला. पुढं हेच कवी लोकांसमोर कविता गाऊन दाखवू लागले आणि काव्यगायनाची गोडी महाराष्ट्राला लागली. हजार माणसांसमोर उभं राहायचं बळ सात-आठ जणांच्या बैठकीत आलं होतं.

लोकांनी या मंडळाला सप्तर्षींची उपमा दिली, आणि मनोरमाबाई अर्थातच अरुंधती ठरल्या. उपमा गोड आहे, पण आम्हाला ती थोडी टोचते. अरुंधती म्हटली की ती ऋषीच्या शेजारची. मनोरमाबाई मात्र तिथं कवयित्री म्हणून बसत होत्या, स्वतःची कविता घेऊन. १९२६ मध्ये, ऐन तारुण्यात त्या गेल्या. त्यांच्याबरोबरच्या पुरुषांना लिहायला पुढं कितीतरी वर्षं मिळाली. मनोरमाबाईंना ती मिळाली नाहीत. पण जी थोडी मिळाली, त्यांत त्यांची कविता ऐकणारं कुणीतरी होतं. त्या काळी कितीजणींना एवढंही लाभलं असेल?

या मंडळावर टीकाही झाली. हे एकमेकांचीच वाहवा करतात, असं लोक म्हणत. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांच्या कवितांची विडंबनं करून महाराष्ट्राला हसवलं. त्यातलं शिकण्यासारखं आपण घ्यावं. नुसतं ‘छान, छान’ म्हणणारी बैठक आपल्याला गोंजारते, पुढं नेत नाही. जिथं ‘ही ओळ कळली नाही’ असं प्रेमानं सांगता येतं, ती बैठक खरी.

तेव्हा मैत्रिणींनो, वही कुणाला दाखवायची, याचं उत्तर हा इतिहास देतो. जी स्वतःही लिहिते आणि तुमच्यासमोर आपली वही उघडते, तिला दाखवा. दोघी असल्या तरी पुरे, जात्यावर दोघीच असत. आठवड्यातला एक वार ठरवा. एकीनं मोठ्यानं वाचावं, दुसरीनं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावं. मग आधी मनात काय राहिलं ते सांगावं आणि नंतर कुठं अडखळायला झालं ते. ऐकलेलं त्या खोलीबाहेर नेऊ नये, हा नियम कडक पाळावा, कारण बायकांच्या वहीत घरातल्या गोष्टी असतात. सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती मानायलाच हवी असं नाही. लिखाण तुमचं आहे, शेवटचा शब्दही तुमचाच.

आणि हो, दुसरीची पाळी आली की तितक्याच मनापासून ऐका. खुंट्याला दोन्ही हात लागले तरच दळण हलकं होतं.