चुना
चुना : चुनखडीपासून मिळणारा क्षारकीय पदार्थ. चुनखडीत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. ती भट्टीत सुमारे ९००° से. तापमानाला भाजली की कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, उरतो. समुद्रकाठी शिंपले भाजूनही तो करतात.

कळीवर पाणी ओतले की ती फुगते व फुटते. ही विक्रिया इतकी ऊष्मादायी असते की काही पाण्याची वाफ होते. यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड (विरलेला चुना) तयार होते. त्याच्या संपृक्त विद्रावाचा सामू २५° से. ला सुमारे १२.४ असतो. त्यात लाल लिटमस निळा व हळद तांबडी होते. हळकुंडापासून कुंकू करताना क्षारकामुळे होणारा हाच रंगबदल उपयोगी पडतो.

विरलेल्या चुन्याची निवळी कार्बन डाय-ऑक्साइडाने दुधाळ होते. भिंतीतील चुनाही हवेतील हाच वायू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो व कठीण बनतो. आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी चुना वापरतात. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. डोळे ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन वैद्यकीय उपचार घ्यावेत.