कमी प्रतींची रंगीत छपाई : डिजिटल प्रेस कशी निवडावी?
लग्नपत्रिकेच्या 150 प्रती ऑफसेटवर छापायच्या तरी चार रंगांच्या चार प्लेट कराव्याच लागतात, शिवाय रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. डिजिटल प्रेसला प्लेट लागत नाही. इंडिगो आणि झायकॉन यांनी अशी रंगीत यंत्रे 1993 मध्ये बाजारात आणली.

यंत्र घेताना मात्र किमतीपेक्षा ‘क्लिक’चा दर आधी विचारावा. क्लिक म्हणजे देखभाल करारानुसार छापलेल्या प्रत्येक बाजूमागे द्यायची रक्कम. टोनर, ड्रम, सुटे भाग त्यात धरले आहेत का? ए-3 कागदाचा एक क्लिक मोजतात की दोन? अनेकांचे गणित इथेच चुकते.

दुसरा प्रश्न कामाचा. समजा, हप्ता महिन्याला 60,000 रुपये आहे. महिन्याला 20,000 बाजू छापल्या तर प्रत्येकीवर हप्त्याचे 3 रुपये पडतात. 5,000 छापल्या तर 12 रुपये. एवढेच काम असेल तर सध्या बाहेरून छापून घेणेच परवडते.

जुने यंत्र स्वस्त मिळते, पण आधी मीटरवरचा आकडा पाहावा आणि जवळपास तंत्रज्ञ आहे का ते विचारावे. डेमोला विक्रेत्याची गुळगुळीत चित्रे नकोत. आपलीच फाइल, आपलाच 300 जीएसएम कागद न्यावा आणि दोन्ही बाजूंची छपाई नेमकी जुळते का ते उजेडात धरून पाहावे.