तीन कुलपांची पेटी

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, डम्फ्रीसजवळ, रुथवेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका बैठ्या घरात आता संग्रहालय आहे आणि त्यात एक पेटी जपून ठेवली आहे. पेटीला कुलपं तीन, किल्ल्या तिघांकडे. तिघं एकत्र जमल्याशिवाय ती उघडायची नाही. आपल्याकडे पोस्टाचं बचत खातं घरोघरी असतं. त्याची वंशावळ शोधत मागे गेलं, की वाट या पेटीपाशी येते.

पेटी 1810 सालातली आणि ती ठेवणारे होते गावच्या चर्चचे पाळक, रेव्हरंड हेन्री डंकन. डंकन पाळकाच्याच घरात जन्मले, पण धर्मशिक्षण घेण्याआधी त्यांनी लिव्हरपूलच्या एका बँकेत तीन वर्षं नोकरी केली होती. 1799 मध्ये ते रुथवेलला आले. धान्याची टंचाई झाली तेव्हा त्यांनी लिव्हरपूलमधल्या भावांकरवी धान्य मागवलं आणि खरेदीच्या भावात गावाला विकलं. फुकट वाटलं नाही, यात त्यांचा स्वभाव दिसतो. इंग्लंडमध्ये गरिबांच्या पोटासाठी सक्तीचा कर गोळा होत असे. तो स्कॉटलंडमध्ये येऊ नये असं त्यांना मनापासून वाटे. गरिबाला हात पसरावा लागू नये, आजारपण आणि म्हातारपण त्यानं स्वतःच्या पैशावर काढावं, ही त्यांची तळमळ होती.

हा विचार काही आभाळातून पडला नव्हता. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचं पैशाच्या वापरावरचं प्रवचन 1760 मध्येच छापून आलं होतं. प्रामाणिकपणे होईल तेवढं मिळवा, उधळपट्टी टाळून होईल तेवढं राखा आणि होईल तेवढं द्या, असा त्याचा गाभा. देण्याचा क्रमही त्यांनी लावून दिला: आधी आपलं घर, बायकामुलं आणि नोकरचाकर, मग मंडळीतले लोक, मग सगळी माणसं. घर पहिलं आहे, पण गोष्ट घरापाशी संपत नाही. ख्रिस्ती कुटुंबाच्या जमाखर्चाचं याहून नेमकं सूत्र माझ्या वाचनात नाही. पुढे 1799 मध्ये इंग्लंडमधल्या वेंडोव्हरचे पाळक जोसेफ स्मिथ उन्हाळ्यातल्या दर रविवारी गावकऱ्यांकडून नाणी घेऊन ठेवू लागले आणि नाताळला त्यात एक तृतीयांश भर घालून परत देऊ लागले. भर घालायला दाते हवे होते, म्हणजे तिथेही थोडा दानधर्म शिल्लक होताच.

डंकन यांनी तो काढून टाकला. डम्फ्रीसच्या बँकेकडून त्यांना पाच टक्के व्याज मिळे, त्यातलं चार टक्के ते ठेवीदाराला देत आणि उरलेल्यातून खर्च भागवत. त्या काळी बँकेत खातं उघडायला दहा पौंड लागत. शेतमजुराच्या घरात एवढी रक्कम एकदम दिसणं दुर्मीळच. डंकन यांच्याकडे सहा पेनी चालत. पहिल्या वर्षाअखेर पेटीत 151 पौंड जमले होते, तेही हातावर पोट असलेल्या लोकांचे.

नियम मात्र कडक. खातं उघडण्याआधी माणसाचं वय, कुटुंब आणि चालचलणूक यांची चौकशी होई. वर्षभरात ठरलेली किमान रक्कम न भरणाऱ्याला दंड होई. लग्नासाठी किंवा उतारवयात पैसे काढणाऱ्याला मात्र जास्त व्याजदराची सवलत होती. चालचलणुकीची चौकशी आज कोणी सहन करणार नाही, मलाही ती खटकते. पण त्यामागे एक गोष्ट होती: पैसे ठेवणारा कोण, त्याच्या घरात काय चाललंय, हे पेटी सांभाळणाऱ्यांना ठाऊक असे.

पुढचा प्रवास झपाट्याचा. 1819 मध्ये स्कॉटलंडच्या बचत बँकांसाठी कायदा झाला, त्यासाठी डंकन स्वतः लंडनला जाऊन खटपट करून आले. 1861 मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी ब्रिटनच्या पोस्टात बचत खाती सुरू केली. 1 एप्रिल 1882 पासून हिंदुस्थानातल्या पोस्टांतही ती उघडली. मुंबईत सरकारी बचत बँक 1835 पासून होती, पण ती शहरापुरती. पोस्टामुळे खातं खेड्यात पोचलं, बाईमाणसाच्या नावावर निघालं, आणि चौकशी गेली. हा मोठाच लाभ. मात्र चौकशीबरोबर शेजारीही गेला.

तो शेजारी दुसऱ्या वाटेनं आला. जर्मनीत 1846-47 च्या दुष्काळात वायरबुशचे तरुण ग्रामप्रमुख फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी गरिबांसाठी भाकरीची सोय केली. ते श्रद्धाळू प्रोटेस्टंट होते. श्रीमंतांच्या देणग्यांवरचं काम टिकत नाही, हे अनुभवातून कळल्यावर 1864 मध्ये हेडेसडोर्फला त्यांनी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्यांनाच सभासद करून पतसंस्था उभी केली. एका गावापुरतं क्षेत्र, बिनपगारी पदाधिकारी, आणि एकाचं कर्ज बुडालं तर सगळ्यांची जबाबदारी. मद्रास सरकारच्या सांगण्यावरून फ्रेडरिक निकल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. 1895 आणि 1897 मध्ये त्यांचा अहवाल दोन भागांत आला आणि 1904 मध्ये आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1918 मध्ये वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं तिथल्या कॅथलिक समाजाची सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. पुन्हा एक धर्मगुरू आणि पुन्हा गावाचा पैसा गावापाशी.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक जामीन राहण्यापासून पुन्हा पुन्हा सावध करतं. दुसऱ्यासाठी हातावर हात मारलास तर तुझं अंथरूणही जाईल, असा त्याचा रोख आहे. आणि रायफायझेन यांची सगळी इमारत एकमेकांच्या जामिनावर उभी! त्यांनी काढलेला मार्ग मला पटतो. कर्ज कशासाठी हवंय ते आधी सांगायचं, गाय किंवा बियाणं असं काही कामाचं असेल तरच मिळायचं, आणि पैसे त्याच कामाला लागले का हे समितीनं जाऊन बघायचं. म्हणजे सही करणाऱ्याला कर्जदाराचा गोठा माहीत असायचा. पतपेढीच्या अर्जावर जामीनदाराचा रकाना आजही असतो, आणि बहुतेक जण तिथे भिडेखातर सही करून मोकळे होतात. दिराचा किंवा मित्राचा अर्ज समोर आला, की नवरा-बायकोनं मिळून त्याला दोन प्रश्न विचारावेत: पैसे कशाला हवेत आणि हप्ता कुठून भरणार? तो रागावला तरी विचारावेत.